प्रभुभोजनाची नावं गोळा करताना

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन असतं. आदल्या दिवशी, शनिवारी, मी वस्तीत घरोघर जाते आणि विचारते, "उद्यासाठी नाव देताय ना?" एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

आमची वस्ती चोपड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. एका बाजूला केळीचे मळे, दुसऱ्या बाजूला कापूस, आणि मध्ये आमची थोडी ख्रिस्ती घरं व पत्र्याचं छप्पर असलेलं देऊळ. हो, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. मी जळगावला हॉस्टेलमध्ये राहून बी.ए. करते, शेवटचं वर्ष आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बाबा केळीच्या गाड्या भरायला जातात, आई निंदणीला नाहीतर कापूस वेचायला. शनिवारी कॉलेज सुटलं की मी एसटी पकडते आणि चार वाजायच्या आत वस्तीत पोचायला बघते, कारण चारनंतर बायका पाणी भरायला निघतात आणि मग नळावर उभं राहून कोणाच्या मनातलं विचारता येत नाही.

आपापल्या कामावरच्या या अंकात बाकी लिहिणारे पोस्टात, शाळेत, एसटीत आयुष्य घालवलेले असतील. माझं हे तिसरंच वर्ष. मंडळी मला जे मानधन देते ते बसच्या भाड्यात जातं. तरी मला हे माझं काम वाटतं. म्हणून लिहिते आहे.

हॉस्टेलमधली माझ्या खोलीतली मैत्रीण वैशाली जामनेरकडची, शेतकरी घरातली. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, "दर महिन्याला गावी जाऊन तू करतेस तरी काय?"

मी म्हटलं, "प्रभुभोजनाला कोण कोण येणार त्यांची नावं घेते."

"म्हणजे मेसवाल्यासारखी? उद्या किती पानं वाढू?"

"तसंच काहीसं."

"काय असतं जेवायला?"

"बिनखमिराच्या भाकरीचा एक तुकडा आणि एक घोट द्राक्षरस."

ती म्हणाली, "एवढ्याशासाठी आधी नावं? आमच्या पंगतीला अख्खं गाव जेवून जातं, कोणी नाव विचारत नाही."

तिला मी तेव्हा नीट समजावू शकले नाही. आज प्रयत्न करते. आम्ही लूथरन. वस्तीत कोणाला विचारलं की लूथरन म्हणजे काय, तर "आपला आजला व्हता म्हनीसन", आजोबा होते म्हणून आपण, एवढंच उत्तर येईल. पण लहानपणी आम्हा सगळ्यांना एक छोटी प्रश्नोत्तरी पाठ करावी लागते. दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांची कबुली, प्रभुभोजन. प्रत्येक वाक्यानंतर एकच प्रश्न: याचा अर्थ काय? ही सवय इतकी हाडात मुरते की लहानपणी आई म्हणाली, "मीठ सरलं," तर माझा धाकटा भाऊ विचारायचा, "याचा अर्थ काय?" आणि आई म्हणायची, "याना अर्थ तू दुकानवर जा."

आणि प्रभुभोजनाबद्दल आम्ही असं मानतो की त्या भाकरीत आणि त्या रसात ख्रिस्त स्वतःला खरोखर देतो, आणि सोबत पापांची क्षमा देतो. ती नुसती आठवण नाही. म्हणून देताना पाळक प्रत्येकापुढे थांबून "तुझ्यासाठी" हा शब्द म्हणतात. सगळ्यांसाठी मिळून एकदा नाही, एकेकाला. आता ज्याला असं एकेकाला द्यायचं त्याला आधी थोडं ओळखलेलं बरं, त्याच्या मनात काही सलत असेल तर बोललेलं बरं, म्हणून आदल्या दिवशी नाव द्यायची पद्धत. पूर्वी लोक पाळकांच्या घरी जाऊन नाव द्यायचे. आता आमचे पाळकसाहेब धुळ्याला राहतात, चार-पाच मंडळ्या सांभाळतात आणि रविवारी सकाळच्या गाडीनं येतात. मधल्या कामाला कोणीतरी हवं होतं. मी प्रश्नोत्तरी बरी म्हणायचे, माझ्याकडे मोबाइल होता आणि मला नाही म्हणता येत नाही. तीनही गोष्टी जमून आल्या.

नाव देताना एक प्रश्न विचारायचा असतो. तोही जुनाच आहे. "कोणाशी काही आहे का?" म्हणजे कोणाशी भांडण, अबोला असेल तर प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येण्याआधी मिटवायचा प्रयत्न करावा. अठरा वर्षांच्या पोरीनं साठीच्या बाईला हे कसं विचारायचं? पहिले दोन महिने तर मी दारात उभी राहायचे आणि हवापाण्यावर बोलून परत यायचे. आई म्हणायची, "नाव लेवाले जास का कापूसना भाव विचाराले?"

(आमच्याकडे घरात खानदेशी बोलतात, मीही तेच बोलते. इथे माझं बोलणं लिहिण्याच्या मराठीत घातलंय, वस्तीतल्या मोठ्या माणसांचं मात्र जसंच्या तसं ठेवलंय. ते बदललं तर ती माणसं मलाच ओळखू येणार नाहीत.)

हळूहळू कळत गेलं की लोकांना हा प्रश्न हवा असतो. दानिएल भाऊ केळीचा ट्रक चालवतात. ते कधी नाव द्यायचे नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "मनं कोनाशी भांडन नही, पोरी. पन मी अर्धा रविवार गाडीवर ऱ्हास. देवनं काम करनारा वेगळा." मी हे पाळकसाहेबांना सांगितलं. पुढच्या महिन्यात साहेब त्यांच्या ट्रकजवळ जाऊन उभे राहिले, आणि प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागतो त्याचा अर्थ काय, असं विचारलं. भाऊंनी पाठ होतं ते म्हटलं: अन्न, वस्त्र, घर, शेत, चांगले शेजारी, वेळेवर पाऊस, सगळं त्यात येतं. साहेब म्हणाले, "मग केळी दिल्लीला कोण नेतं? भाकर लोकांपर्यंत पोचवायला देव तुमची गाडी वापरतो, दानिएल. हे त्याचंच काम आहे." भाऊंनी टायरला पायानं दोनदा ठोकलं. पण तेव्हापासून ज्या रविवारी गावात असतात त्या रविवारी नाव देतात, आणि ट्रकवर मागे जिथे बाकीचे शेर लिहून घेतात तिथे त्यांनी "रोजची भाकर" असं रंगवून घेतलंय. नशिराबादच्या ढाब्यावर एकानं त्यांना विचारलं म्हणे, "भाऊ, ही कोणती कंपनी?"

अशा गोष्टी आठवल्या की या कामाचा अभिमान वाटतो. पण याच प्रश्नाचं आमच्या वस्तीनं जे करून ठेवलं होतं तेही सांगायला हवं.

भांडण मिटवून या, हे मूळचं सांगणं. लोकांनी त्यातून असा अर्थ काढला की ज्याचं भांडण आहे त्यानं नाव देऊ नये. मग त्याच्यापुढे एक पायरी गेले: ज्याला दुसऱ्यानं दुखावलंय त्यानं मुद्दाम नाव द्यायचं नाही. रविवारी सगळे उठून पुढे जातात आणि एक माणूस बाकावर बसून राहतो. लगेच सगळ्यांच्या माना वळतात. "आज कोन बठी ऱ्हायना?" मग कोणाशी वाजलं, चूक कोणाची, याची चर्चा संध्याकाळपर्यंत. थोडक्यात, आमच्याकडे नाव न देणं हा संपच झाला होता. एकानं शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी अंगणात येतं म्हणून संप केला. दुसरीनं जावेनं गाण्यात तिच्यापेक्षा मोठा आवाज लावला म्हणून. कधीकधी त्याचा उपयोगही व्हायचा. जावा-जावांचं दोन-तीन महिन्यांत मिटलं, कारण मग दुसरीही बसून राहिली आणि दोघींनाही बाकावर बसून कंटाळा आला. मोरीच्या पाण्यावरून बसलेल्याचं मात्र मिटलं नाही. तो संप चालू असतानाच बायकामुलांसह सुरतेला कामाला गेला. पाणी अजून तिथूनच वाहतं. त्या अंगणातून जाताना मला अजून वाईट वाटतं.

सगळ्यांत जुना संप होता इस्टेर अक्कांचा.

इस्टेर अक्का वस्तीतल्या मोठ्या माणसांपैकी. नवरा गेल्यावर एकट्या राहतात, दोन शेळ्या आहेत, आणि आवाज असा की देवळात माइक बंद पडला तर कोणाला कळत नाही. त्यांचे धाकटे भाऊ याकोब नाना गवंडी. दोघांची घरं समोरासमोर. त्यांची आई गेली तेव्हा नानांनी तिच्या कबरीवर स्वतः बांधून सिमेंटचा दगड उभा केला आणि त्यावर अक्षरं कोरली: आईचं नाव, आणि खाली, "मुलगा याकोब याच्याकडून". अक्कांनी तो दगड बघितला आणि तिथूनच सरळ घरी आल्या. त्यांचं नाव त्यावर नव्हतं.

शेवटची काही वर्षं आईचं सगळं अक्कांनी केलं होतं. अंघोळ, औषध, सगळं. ते अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. "माय का त्यानी एकलानी व्हती का?" एवढं एकच वाक्य त्या बोलल्या आणि पुढच्या पहिल्या रविवारी बाकावर बसून राहिल्या.

नानांचं म्हणणं वेगळं. "दगड मी आना, सिमेंट मी आनं, उन्हमा बठीसन अक्षरं मी खंदात. तिले काही बोलनं व्हतं तं समोर येवानं व्हतं." आणि अक्का नाव देत नाहीत म्हटल्यावर तेही देईनात. "ती नही तं मी बी नही. लोके म्हनतीन, बहीनले बठाडीसन हाऊ एकला पुढे ग्या." मला हे ऐकून दर वेळी गोंधळायला व्हायचं. रागही धरायचा आणि बहिणीला सोडून पुढेही जायचं नाही, हे कोणत्या आज्ञेत बसवायचं?

मी काम हातात घेतलं तेव्हा हा संप आधीच जुना झालेला. दर वेळी अक्का मला चहा द्यायच्या, हॉस्टेलच्या जेवणाची चौकशी करायच्या, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायच्या, "मनं नाव लिखू नको." मी लिहायचे नाही. समोरच्या घरी जायचे. नाना विचारायचे, "दिधं का तिनं?" मी मान हलवायचे. "मग मनं बी ऱ्हाऊ दे."

गेल्या वर्षी हिवाळ्यात एका शनिवारी मी गेले तर अक्कांनी चहा ठेवला नाही. शेळ्या दारातच बांधलेल्या, चारा टाकलेला नव्हता. अक्का खाटेवर बसलेल्या.

"बस पोरी. जळगावले जायेल व्हतू. डाक्टर म्हने पोटमा गाठ शे. काढनी पडी. मंगळवारले काढतस."

"साधी असेल अक्का."

"काढानंतरच समजी म्हने."

 मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माले उद्या जानं शे. मेजजवळ. मंगळवारना आधी." आणि लगेच, "पन कशी जाऊ?"

मी म्हटलं, "नाव द्या ना अक्का. मी आत्ता लिहिते."

"तुले समजत नही. आते नाव दिधं तं बठ्ठी वस्ती म्हनी, अक्का हारनी. आनि ते बी ऱ्हाऊ दे. म्हनू दे. पन मना मनमा त्याना राग शे ना. सकाळे उठू तं राग, भाकरी थापू तं राग. समोर त्यानं दार दिसस आनि माले तो दगड दिसस. असा हात लीसन मी तठे कशी जाऊ? तूच दर महिनाले विचारस ना, कोनाशी काही शे का? शे. मना शे."

 प्रश्न मीच विचारत आले होते. मी म्हटलं, "अक्का, मी साहेबांना फोन करून येते," आणि बाहेर पडले.

आमच्याकडे रेंज देवळाच्या पायऱ्यांवर बरी येते. पाळकसाहेब त्या दिवशी धुळ्याकडे एका मंडळीत प्रेतविधीला गेले होते, फोन उचलला तेव्हा मागे लोकांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. 

मग ते म्हणाले, "तू तिला राग गेला का असं विचारू नकोस. राग जावा असं वाटतं का, एवढं विचार."

"आणि वाटतं म्हणाल्या तर?"

"तर ते भोजन तिच्याचसाठी आहे. ज्यांचा राग गेला, लोभ गेला, सगळं साफ झालं, अशांसाठी ते नाहीच. असं माणूस मी तरी अजून बघितलं नाही. मीही रागासकट जातो, आणि मला कशावर राग असतो ते तुला सांगणार नाही."

"साहेब, तुम्ही सकाळी लवकर या आणि सांगा ना त्यांना."

"सकाळची गाडी नेहमी उशिरा येते, तुला माहीत आहे. तू सांग. आत्ता."

"मी? मी पाळक नाही."

"क्षमेचा निरोप सांगायला पाळकच लागतो असं मी तुला कधी शिकवलं? पाळकाला मंडळीनं ते काम नेमून दिलंय, म्हणून तो सगळ्यांसमोर सांगतो. पण शेजारणीनं शेजारणीला सांगितला तरी निरोप देवाचाच. तुझा आवाज थरथरला तरी चालेल."

मी पायऱ्यांवर तशीच बसून राहिले. आमची शिकवण मला पाठ होती, परीक्षेत विचारली असती तर लिहिली असती. पण ज्या बाईची मंगळवारी शस्त्रक्रिया आहे तिच्यासमोर ती स्वतःच्या तोंडून काढायची म्हणजे मला गावच्या विहिरीत उतरायला सांगितल्यासारखं वाटत होतं.

परत गेले तेव्हा अक्का शेळ्यांना चारा टाकत होत्या. मी त्यांना हात लावला नाही, बसवलं नाही, काही नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "अक्का, राग जावा असं वाटतं का?"

त्यांनी चाऱ्याची पेंढी खाली ठेवली. "वाटस तं. म्हनीसन तं रडू येस. पन जात नही ना तो."

"मग तुम्ही यायचं."

"कोन म्हने?"

"साहेब म्हणाले. पण फक्त साहेब नाही." माझा आवाज खरंच थरथरत होता. "पाळक भाकर हातावर ठेवताना काय म्हणतात, अक्का? 'तुझ्यासाठी' म्हणतात. 'याकोबनं दगड बदलला तर तुझ्यासाठी' असं म्हणत नाहीत. 'तू राग घरी ठेवून आलीस तर तुझ्यासाठी' असंही म्हणत नाहीत. नुसतं तुझ्यासाठी. ते खरं आहे. या रागाचीही क्षमा झाली आहे, ख्रिस्तामुळे. मी सांगते."

मी असं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.   अक्कांनी पदरानं नाक पुसलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "लिख मनं नाव."

मी मोबाइल काढला. लिहिलं. जायला वळले.

"थांब. याकोबनं बी लिख."

"अक्का, दुसऱ्याचं नाव देता येत नाही. ज्याचं त्यानं द्यायचं."

"काबर? त्यानी दगडवर मनं नाव टाकं नही. मी त्यानं टाकस. लिख."

"पण नाना..."

"त्याले मी दखसू. तू लिख."

मला नाही म्हणता येत नाही हे मी आधीच सांगितलं आहे. मी लिहिलं. समोरच्या घरी मात्र गेले नाही, सरळ आमच्या घरी आले आणि आईला सांगितलं, "माझ्या हातून काहीतरी नियमाबाहेरचं झालंय."

वस्तीत बातमीला पाय लागत नाहीत. आईनं भाकरी तव्यावर टाकली न टाकली तोच नाना दारात. अंगावर अजून कामावरचे सिमेंटचे डाग.

"मनं नाव कोनी दिधं?"

बाबा खाटेवर होते, त्यांनी हळूच कूस बदलली आणि झोपल्याचं सोंग घेतलं. मी म्हटलं, "अक्कांनी."

"मनं नाव देनारी ती कोन? इतला वरीस बोलनी नही, आनि आते मनं नाव देस? काढ ते."

"नाना, अक्कांची मंगळवारी..."

"माले मालूम शे मंगळवारनं!" ते एकदम ओरडले. "बठ्ठा गावले मालूम शे! समोर राहस मी! सकाळे तिना घरमा दिवा लागस का नही हाई मी दखीसन कामवर जास! पन मनं नाव ती नही देवाव. काढ."

मी मोबाइल उघडून त्यांच्यासमोर नाव काढलं. दाखवलं. ते नुसतेच उभे. आईनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी दारातच उकिडवं बसून तो प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत. कप जमिनीवर ठेवला. आणि जमिनीकडेच बघत म्हणाले,

"आते लिख. मनं नाव. मी देस ते."

मी पुन्हा लिहिलं. मग मला माझं काम आठवलं. घाबरतच विचारलं, "नाना, कोणाशी काही आहे का?"

"शे," ते म्हणाले. "तिले सांगू नको."

रविवारी साहेबांची गाडी उशिराच आली. ते देवळामागच्या खोलीत झगा चढवत असताना मी यादी सांगत होते. इस्टेर अक्कांच्या नावावर ते थांबले, मान हलवली. पुढचं नाव ऐकून त्यांनी बाहीत घातलेला हात तसाच ठेवला. "याकोब? त्यानं कधी दिलं?"

"दोनदा आलं, साहेब. एकदा काढायला लागलं."

त्यांनी आणखी विचारलं नाही. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून पापांची कबुली दिली, साहेबांनी क्षमा जाहीर केली. मग लोक पुढे जायला उठले. अक्का बायकांच्या रांगेत, नाना पुरुषांच्या. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. माना मात्र सगळ्यांच्या वळल्या होत्या, कारण त्या दिवशी बाकावर कोणीच उरलं नव्हतं आणि काय बघावं ते लोकांना कळेना. साहेब अक्कांसमोर आले, म्हणाले, "तुझ्यासाठी." नंतर नानांसमोर, तोच शब्द. मी बाजूला उभी होते. मला वाटलं होतं की मी रडेन. मला हसू येत होतं, आनंदाचं, आणि ते दाबायला फार जड गेलं.

बाहेर पडल्यावर चपला घालताना अक्का पहिल्यांदा बोलल्या. "दगड तसाच शे ना?"

"तसाच शे," नाना म्हणाले.

"ठीक शे. मंगळवारनंतर दखसू."

मंगळवारी जळगावच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर नाना दिवसभर बसून होते. कॉलेज सुटल्यावर मी गेले तर मांडीवर डबा घेऊन बसलेले, त्यात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा. "तिले देवाव नही म्हनतस डाक्टर," ते म्हणाले, "पन ती उठनी की विचारी, काय आनं." गाठ साधी निघाली. अक्कांनी शुद्धीवर आल्यावर खरंच विचारलं, काय आणलं. आणि भाकरी दवाखान्याबाहेर थंड झाली म्हणून भावाला बोलल्या. नर्सबाईंना वाटलं, ही दोघं भांडतात. मी त्यांना सांगितलं, "नाही, आता बोलतात."

दगड अजून बदललेला नाही. त्यावरून दोघांचं अधूनमधून वाजतं, समोरासमोर, मोठ्यांदा, दोन्ही दारांमधून. वस्तीला आता त्यात रस उरलेला नाही. संपही बरेच कमी झाले आहेत. साहेबांनी त्या रविवारनंतर भर मंडळीत सांगितलं की राग आहे म्हणून येत नाही असं म्हणणाऱ्यानं नक्की यावं, आणि दुसऱ्याला लाजवायला बसून राहणाऱ्यानं घरी बसावं, बाक तरी रिकामा राहील. मी प्रश्न अजून तोच विचारते. पण आता "आहे" असं उत्तर आलं की मी मोबाइल खिशात घालत नाही. खाली बसते.

वैशालीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग ते नाव कोणाचं धरायचं? बहिणीनं दिलेलं की भावानं दिलेलं?" मला अजून नीट सांगता येत नाही. मेजाजवळ ते कोणी विचारत नाही, एवढंच मला ठाऊक आहे.

आता दर महिन्याला असं चालतं. अक्का स्वतःचं नाव देतात आणि सोबत नानांचंही देतात. मी समोर जाते. नाना म्हणतात, "काढ ते," आणि स्वतः देतात. मी काढते, पुन्हा लिहिते. साहेबांना पाठवायच्या यादीत ते एकदाच जातं.

गेल्या महिन्यात नाना एका बांधकामावर अडकले, त्यांचं घर संध्याकाळपर्यंत बंद होतं. मी इतर घरं करून परत येत होते तर अक्का दारात कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काय व पोरी," त्यांनी तिथूनच आवाज दिला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, "तो मनं दिधेल नाव काढाले उना का नही अजून?"